हृदय निष्फलतेतील द्रवाधिक्य व वृक्कसंरक्षण

शरीरातील ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांच्या) गरजेइतके रक्त पुरविण्यास हृदय असमर्थ झाले किंवा तसे करताना हृदयाच्या कप्प्यांतील दाब प्रमाणाबाहेर वाढू लागला म्हणजे त्या अवस्थेस हृदय निष्फलता म्हणतात. या अवस्थेत शरीरात लवण व पाणी साठून पायांवर सूज येते, पोटात पाणी होते व फुप्फुसांत द्रव साचून श्वास घेणे कष्टाचे होते. हा जादा द्रव बाहेर काढण्याचे काम अखेर वृक्कांनाच (मूत्रपिंडांनाच) करावे लागते. परंतु हृदयाच्या दुबळेपणामुळे तेही आधीच अडचणीत आलेले असतात. द्रव अपुरा काढल्यास रुग्ण गुदमरतो व थोड्याच दिवसांत पुन्हा रुग्णालयात येतो; अतिवेगाने काढल्यास रक्तदाब उतरून वृक्कांना इजा पोहोचते. या दोन संकटांमधून मार्ग काढणे हा हृदय निष्फलतेच्या उपचारांतील सर्वांत नाजूक भाग होय.

हृदय व वृक्क यांचा संबंध : दोन्ही वृक्कांचे मिळून वजन सु. ३०० ग्रॅ. म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. तथापि हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या सु. ५ लि. रक्तापैकी एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश रक्त त्यांच्याकडे जाते. प्रत्येक वृक्कातील सु. १० लाख वृक्काणूंमधील केशिकागुच्छांतून हे रक्त गाळले जाते व प्रौढ निरोगी व्यक्तीत दर मिनिटास सु. १२० मिलि., म्हणजे दिवसाकाठी १७० ते १८० लि. निस्यंद (गाळून निघालेला द्रव) तयार होतो. त्यातील ९९ टक्के पाणी व सोडियम नलिकांमध्ये पुन्हा शोषले जाऊन केवळ १ ते २ लि. मूत्र बाहेर पडते [⟶ वृक्क]. पुनर्शोषणाच्या प्रमाणात एक टक्क्याचा फरक पडला, तरी मूत्राचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊ शकते. मूत्रल (मूत्राचे प्रमाण वाढविणाऱ्या) औषधांची सारी किमया या एक-दोन टक्क्यांवर आधारलेली आहे.

हृदयाच्या विकारामुळे वृक्काचे किंवा वृक्काच्या विकारामुळे हृदयाचे कार्य बिघडण्याच्या प्रकारास हृद्-वृक्क लक्षणसमूह असे म्हणतात. इटालियन वृक्कविकारतज्ञ क्लाउद्यो रॉन्को यांनी २००८ मध्ये त्याचे पाच प्रकार मांडले. तीव्र व चिरकारी (दीर्घकाल टिकणाऱ्या) हृदय निष्फलतेमुळे वृक्कांवर होणारे परिणाम अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या प्रकारांत मोडतात.

द्रव साठण्याची कारणे : हृदयाने पुढे ढकललेले रक्त कमी पडू लागले म्हणजे रोहिण्यांमधील दाबग्राही यंत्रणा त्याचा अर्थ रक्तस्राव किंवा निर्जलीभवन असा लावतात. प्रत्यक्षात शरीरात पाणी पुरेसे, किंबहुना जास्तच असते. परंतु रोहिण्यांना ते जाणवत नाही. परिणामी अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते, वृक्कातून रेनीन स्रवते, त्यामुळे अँजिओटेन्सीन-२ व अधिवृक्क ग्रंथीतील अल्डोस्टेरोन यांचे प्रमाण वाढते आणि पोष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसीन बाहेर पडते. हे सर्व घटक वृक्कांना सोडियम व पाणी राखून ठेवण्यास भाग पाडतात. रक्तस्रावात जीव वाचविणारी ही यंत्रणा हृदय निष्फलतेत घातक ठरते.

साठणाऱ्या पाण्याचे प्रमाण मुख्यतः साठलेल्या लवणावर अवलंबून असते. शरीरात ९ ग्रॅ. मीठ अडकून राहिले, तर त्याबरोबर सु. १ लि. पाणी अडकते आणि वजन सु. १ किग्रॅ.ने वाढते. ऊतकांमध्ये सु. ३ लि. द्रव साठेपर्यंत पायांवरील सूज सहसा दृष्टीस पडत नाही. म्हणूनच सूज दिसण्यापूर्वी वजनकाटा धोक्याची सूचना देतो.

नीलादाब व वृक्क : हृदय निष्फलतेत वृक्क बिघडतो तो केवळ त्याला मिळणारे रक्त कमी पडल्यामुळे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. एफ्. आर्. विंटन यांनी १९३१ मध्ये सस्तन प्राण्याच्या शरीराबाहेर काढलेल्या वृक्कावर प्रयोग करून, वृक्कनीलेतील दाब वाढविल्यास मूत्राचे प्रमाण घटते, असे दाखवून दिले होते. तथापि या निष्कर्षाचे रुग्णोपचारातील महत्त्व पुढे अनेक दशके पुरेसे ओळखले गेले नाही. २००९ मध्ये तीव्र हृदय निष्फलतेच्या १४५ रुग्णांच्या अभ्यासात वृक्ककार्य बिघडण्याशी सर्वांत निकटचा संबंध हृदयाच्या उत्पादनाशी नसून मध्यवर्ती नीलादाबाशी असल्याचे आढळून आले.

याचे कारण सोपे आहे. वृक्कातून रक्त वाहते ते रोहिणीतील व नीलेतील दाबांच्या फरकामुळे. निरोगी व्यक्तीत रोहिणीतील सरासरी दाब ९० मिमी. (पारा) व नीलेतील ५ मिमी. धरल्यास फरक ८५ मिमी. होतो. हृदय निष्फलतेच्या रुग्णात हेच आकडे ७० व २२ झाले, तर फरक केवळ ४८ मिमी. उरतो. त्यातच वृक्कावरील संपुट ताठर असल्याने आत तुंबलेले रक्त व ऊतक द्रव नलिकांवर दाब आणतात. जलोदरामुळे उदर पोकळीतील दाब वाढल्यास त्यात आणखी भर पडते. म्हणून द्रवाधिक्य असलेल्या रुग्णात क्रिॲटिनीन वाढलेले दिसले म्हणजे मूत्रल औषध थांबवावे, हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. अनेकदा जादा द्रव काढल्यानेच वृक्ककार्य सुधारते.

पुनर्भरणाची मर्यादा : मूत्रल औषधाने बाहेर पडणारे पाणी प्रथम रक्तद्रवातून जाते. प्रौढाच्या शरीरात रक्तद्रव सु. ३ लि. असतो, तर ऊतकांच्या पोकळ्यांतील द्रव त्याच्या तिपटीहून अधिक असतो आणि सूज आल्यावर तो आणखी वाढतो. रक्तद्रवातील तूट ऊतकांतील द्रव केशवाहिन्यांत व लसीका वाहिन्यांत परत येऊन भरून काढतो. या क्रियेस रक्तद्रवाचे पुनर्भरण म्हणतात.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे तत्त्व विहिरीवरून सहज पटते. झऱ्यांतून येणाऱ्या पाण्यापेक्षा पंपाचा उपसा अधिक झाल्यास विहीर कोरडी पडते. भोवतालच्या जमिनीत ओल असली, तरी तिचा त्या क्षणी उपयोग होत नाही. उपसा थांबवून वाट पाहिली म्हणजे पाणी पुन्हा चढते. त्याचप्रमाणे पायांवर सूज असूनही मूत्रविसर्जनाचा वेग पुनर्भरणापेक्षा जास्त झाल्यास रक्तद्रव घटतो, रक्तदाब उतरतो व वृक्काचा रक्तपुरवठा कमी होतो. रक्तातील अल्ब्युमीन कमी असणे, वार्धक्य, तसेच सूज बरीचशी ओसरल्यानंतरची अवस्था यांत पुनर्भरण मंद असते. सर्वांगावर भरपूर सूज असताना दररोज १ किग्रॅ. किंवा त्याहून अधिक वजन उतरविणे बहुधा सोसते. सूज ओसरत आल्यावर हा वेग कमी करावा लागतो.

इतिहास : इंग्लिश वैद्य विल्यम विदरिंग (१७४१–९९) यांनी डिजिटॅलिस वनस्पतीचा जलशोफावरील उपयोग १७८५ मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात पायांच्या सुजलेल्या त्वचेत बारीक नळ्या खुपसून पाणी काढीत असत. १९१९ मध्ये व्हिएन्ना येथे आल्फ्रेड फोग्ल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला उपदंशावरील पाऱ्याच्या औषधाने मूत्राचे प्रमाण अतिशय वाढते, असे आढळले. त्यातून पारदयुक्त मूत्रल औषधे प्रचारात आली व पुढील सु. चार दशके तीच प्रमुख औषधे होती. ज्या वृक्कांकडून काम करून घ्यावयाचे, त्यांनाच पारा विषारी असल्याने ती जपून द्यावी लागत. १९५७-५८ मध्ये क्लोरोथायाझाइड आणि १९६०–७० या दशकात फ्यूरोसेमाइड उपलब्ध झाल्यावर पारदयुक्त औषधे मागे पडली.

लक्षणे व तपासणी : चालताना दम लागणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे व उठून बसल्यावर बरे वाटणे, रात्री अचानक दम लागून जाग येणे, घोट्यांवर बोटाने दाबल्यास खळगा पडणे, मानेतील नीला फुगणे, यकृत वाढून उजव्या बरगडीखाली जडपणा वाटणे व भूक मंदावणे ही द्रवाधिक्याची लक्षणे होत. हातपाय थंड पडणे, नाडीदाब (आकुंचक व प्रसरणकालिक दाबांतील फरक) अरुंद होणे, गुंगी येणे आणि मूत्र फार कमी होणे ही लक्षणे हृदयाचे उत्पादनही घटल्याचे सुचवितात. हातपाय उबदार असलेल्या सुजलेल्या रुग्णास मूत्रल औषध पुरेसे होते. थंड हातपायांच्या रुग्णात हृदयाच्या आकुंचनास बळ देणारे डोब्युटामाइनासारखे औषधही काही काळ द्यावे लागते.

उपचार चालू असताना रोज सकाळी, मूत्रविसर्जनानंतर व न्याहरीपूर्वी, त्याच काट्यावर वजन घेणे, प्यालेले पाणी व झालेले मूत्र मोजणे, निजून व उभे राहून रक्तदाब पाहणे आणि रक्तातील यूरिया, क्रिॲटिनीन, सोडियम व पोटॅशियम मोजणे आवश्यक असते. क्रिॲटिनिनाचे सर्वसाधारण प्रमाण १०० मिलि. रक्तात सु. ०·६ ते १·२ मिग्रॅ. असते. हा पदार्थ स्नायूंत तयार होत असल्यामुळे कृश व वृद्ध रुग्णांत निस्यंदन बरेच घटले असूनही आकडा फसवा, म्हणजे जवळजवळ प्राकृत, दिसू शकतो. वय व लिंग विचारात घेऊन सूत्राने काढलेली निस्यंदन त्वरा अधिक उपयुक्त असली, तरी क्रिॲटिनीन रोज बदलत असताना तीही अचूक नसते. श्राव्यातीत ध्वनीने (सोनोग्राफीने) अधोमहानीलेची रुंदी आणि फुप्फुसांतील द्रव पाहता येतो.

मूत्रल औषधांचा वापर : फ्यूरोसेमाइड, टॉर्सेमाइड व ब्यूमेटॅनाइड ही औषधे वृक्काणूच्या हेन्ले वेटोळ्याच्या जाड भागातील सोडियमाचे पुनर्शोषण रोखतात. फ्यूरोसेमाइड रक्तातील प्रथिनांना चिकटलेले असल्याने ते गाळले जात नाही. समीपस्थ नलिकेतील कोशिका ते नलिकेत स्रवतात व तेथून ते वेटोळ्यापर्यंत पोहोचते. वृक्काचा रक्तपुरवठा कमी झाल्यास किंवा यूरियासारखी द्रव्ये साचल्यास हे स्रवण घटते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, औषधाची विशिष्ट किमान मात्रा नलिकेत पोहोचल्याशिवाय परिणाम दिसत नाही आणि विशिष्ट कमाल मर्यादेनंतर मात्रा वाढवून अधिक लाभ होत नाही. दोन, वृक्ककार्य कमी असलेल्या रुग्णास मात्रा कमी न करता वाढवावी लागते. ‘वृक्क दुबळा, म्हणून औषध थोडे’ हा विचार येथे चुकीचा ठरतो. परिणामशून्य लहान मात्रा दिवसातून अनेक वेळा देऊन द्रव निघत नाही.

तोंडाने घेतलेल्या फ्यूरोसेमाइडाचे शोषण सरासरी निम्मे होते व ते व्यक्तीगणिक फार बदलते. आतड्यालाही सूज आल्यावर ते मंदावते. म्हणून तीव्र अवस्थेत औषध नीलेतून देतात. पूर्वी मूत्रल औषध न घेतलेल्या रुग्णास २० ते ४० मिग्रॅ., तर नियमित घेणाऱ्यास त्याच्या दैनंदिन मात्रेच्या १ ते २·५ पट मात्रा देण्याचा प्रघात आहे. दोन तासांनंतर मूत्रातील सोडियम प्रती लि. ५० ते ७० मिलिमोलपेक्षा कमी असल्यास किंवा पहिल्या सहा तासांत मूत्र ताशी १०० ते १५० मिलि.पेक्षा कमी झाल्यास मात्रा दुप्पट करतात. अशा रीतीने पहिल्याच दिवशी प्रतिसाद मोजल्यामुळे अनेक दिवस निष्फळ मात्रा देत राहणे टळते.

२०११ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील ३०८ रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक परीक्षणात दर बारा तासांनी अंतःक्षेपण आणि संततधार यांत फरक आढळला नाही. मोठ्या मात्रेच्या गटात द्रव अधिक निघाला. क्रिॲटिनिनाची तात्पुरती वाढ मात्र या गटात २३ टक्के व लहान मात्रेच्या गटात १४ टक्के रुग्णांत दिसली. साठ दिवसांनंतर वृक्ककार्यात हा फरक टिकला नाही. टॉर्सेमाइडाचे शोषण अधिक खात्रीचे असले, तरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,८५९ रुग्णांच्या परीक्षणात फ्यूरोसेमाइडाच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही.

एका औषधाचा प्रभाव कमी पडल्यास वृक्काणूच्या निरनिराळ्या भागांवर कार्य करणारी औषधे जोडतात. मेटोलॅझोन व थायाझाइडे दूरस्थ नलिकेवर कार्य करतात. ती प्रभावी असली, तरी सोडियम व पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. समीपस्थ नलिकेवर कार्य करणारे ॲसिटाझोलामाइड २०२२ मध्ये बेल्जियममधील ५१९ रुग्णांत वापरून पाहण्यात आले. तीन दिवसांत द्रवाधिक्य दूर झालेल्यांचे प्रमाण ३०·५ टक्क्यांवरून ४२·२ टक्के झाले. फ्यूरोसेमाइडाचा परिणाम सु. सहा तास टिकतो आणि तो ओसरल्यावर वृक्क अधिक जोमाने सोडियम राखून ठेवतो. त्यामुळे आहारात मीठ भरपूर असल्यास सकाळी काढलेले लवण सायंकाळी परत मिळविले जाते.

क्रिॲटिनीन वाढीचा अर्थ : सूज व श्वासकष्ट कमी होत असताना क्रिॲटिनीन थोडे वाढणे हे बहुधा निस्यंदन दाबातील बदलाचे द्योतक असते, वृक्काच्या ऊतकाच्या नाशाचे नव्हे, अशा रुग्णांचे पुढील आयुर्मान त्यामुळे घटत नाही. याउलट सूज कायम राहून किंवा वाढत असताना क्रिॲटिनीन वाढणे हे गंभीर लक्षण होय. तेथे उपचार थांबविणे नव्हे, तर ते अधिक परिणामकारक करणे आवश्यक असते. सूज नाहीशी झाली आहे, उभे राहताच चक्कर येते, जीभ कोरडी आहे आणि क्रिॲटिनिनापेक्षा यूरियाच अधिक वेगाने वाढत आहे, अशा वेळी मात्र मूत्रल औषध कमी करावे किंवा थांबवावे. एकच आकडा दोन विरुद्ध अवस्थांत दिसू शकतो. त्याचा अर्थ रुग्णाच्या शय्येपाशी, मानेची नीला व पाय पाहूनच लावावा लागतो.

इतर औषधे : अँजिओटेन्सीन परिवर्तक एंझाइमास रोधणारी औषधे (उदा., एनालॅप्रिल) केशिकागुच्छातून बाहेर जाणारी रोहिणिका रुंदावतात. त्यामुळे निस्यंदन दाब उतरतो व सुरुवातीस क्रिॲटिनीन वाढते. परंतु दीर्घकाळात हृदय व वृक्क या दोहोंस लाभ होतो. तीव्र हृदय निष्फलतेच्या २५३ रुग्णांवरील १९८७ च्या परीक्षणात एनालॅप्रिलाने मृत्यूचे प्रमाण लक्षणीय रीत्या घटले. सुरुवातीची ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सामान्यतः स्वीकारार्ह मानतात. वाढ याहून अधिक झाल्यास निर्जलीभवन, वेदनाशामकांचा वापर किंवा वृक्करोहिण्यांचा संकोच यांचा शोध घेतात.

स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरोनास विरोध करते. १९९९ मध्ये १,६६३ रुग्णांच्या परीक्षणात त्याने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. त्यानंतर कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात या औषधाचा वापर झपाट्याने वाढला. त्याबरोबरच रक्तातील पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९४ मधील हजारी २·४ वरून २००१ मध्ये हजारी ११ वर गेले. उपयुक्त औषधही रक्ततपासणीशिवाय दिल्यास घातक ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय. पोटॅशियमाच्या वाढीमुळे हृदयाचे ठोके अकस्मात थांबू शकतात.

मूळ मधुमेहासाठी शोधलेली डॅपाग्लिफ्लोझीन व एम्पाग्लिफ्लोझीन ही औषधे नलिकांतील ग्लुकोज व सोडियम यांचे एकत्रित पुनर्शोषण रोखतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,७४४ रुग्णांच्या परीक्षणात डॅपाग्लिफ्लोझिनाने मधुमेह असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांत हृदय निष्फलता बळावण्याचा व हृद्‌रोगजन्य मृत्यूचा धोका कमी केला. सुरुवातीस निस्यंदन त्वरा किंचित घटते. नंतर मात्र वृक्ककार्याचा ऱ्हास मंदावतो.

वृक्करक्षणासाठी योजलेले काही उपाय कसोटीस उतरले नाहीत. अल्प मात्रेतील डोपामीन वृक्काचा रक्तपुरवठा वाढविते, या समजुतीने ते दीर्घकाळ देत असत. २०१३ मध्ये ३६० रुग्णांच्या परीक्षणात त्यापासून लाभ आढळला नाही. यंत्राच्या साहाय्याने रक्तातून पाणी गाळून काढणाऱ्या अतिनिस्यंदनाची औषधांशी तुलना २०१२ मध्ये १८८ रुग्णांत करण्यात आली. दोन्ही गटांत वजन जवळजवळ सारखेच उतरले. परंतु यंत्राच्या गटात क्रिॲटिनीन वाढले. त्यामुळे अतिनिस्यंदन व अपोहन (डायलिसिस) हे उपाय औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी राखून ठेवतात.

टाळावयाची द्रव्ये : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके वृक्कातील प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखून अभिवाही रोहिणिका अरुंद करतात, लवण साठवितात आणि मूत्रल औषधांचा परिणाम घटवितात. मूत्रल, एंझाइमरोधक व वेदनाशामक या तिन्ही प्रकारची औषधे एकत्र घेतल्यास वृक्क अल्पावधीत निकामी होऊ शकतो. गुडघेदुखीसाठी औषधविक्रेत्याकडून परस्पर घेतलेल्या गोळ्या हे त्याचे नेहमीचे कारण असते. अशा रुग्णांत वेदनेसाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित असते. जेंटामायसिनासारखी प्रतिजैविके व क्ष-किरण तपासणीतील आयोडीनयुक्त द्रव्ये आवश्यक असल्यासच वापरतात. कमी सोडियम म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यास ते अपायकारक ठरू शकते. शहाळ्याचे पाणी, तसेच पुनर्नवेसारख्या मूत्रल वनस्पतींचे काढे यांतही पोटॅशियम असते. म्हणून ते घेत असल्यास वैद्यास सांगणे आवश्यक असते.

सोलापूर परिसरातील प्रश्न : सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले. त्यास जोडलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जिल्ह्याबरोबरच धाराशिव व कर्नाटकातील सीमेलगतच्या भागांतूनही रुग्ण येतात. भारतातील ५३ रुग्णालयांत नोंदविलेल्या सु. १०,८५० हृदय निष्फलता रुग्णांचे सरासरी वय सु. ६० वर्षे होते व जवळजवळ ७२ टक्के रुग्णांत हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा हे मूळ कारण होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतातील रुग्ण वयाने लहान, म्हणजे बहुधा अजून कामधंदा करणारा असतो.

सोलापूर शहरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा शेतात काम करणाऱ्याच्या घामावाटे बरेच पाणी व लवण निघून जाते. हिवाळ्यात योग्य ठरलेली मूत्रल औषधाची मात्रा आणि पाण्यावरील बंधन उन्हाळ्यात तसेच चालू ठेवल्यास रक्तद्रव घटून वृक्कास इजा होण्याचा संभव असतो. प्रकृती स्थिर असलेल्या ५०४ रुग्णांच्या, नेदर्लंड्समध्ये झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात पाण्यावरील कडक बंधन सैल केल्याने अपाय झाल्याचे आढळले नाही. म्हणून तहान लागली असता पाणी नाकारण्यापेक्षा वजनाच्या नोंदीनुसार ऋतुमानाप्रमाणे मात्रा बदलून घेणे श्रेयस्कर होय. जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन अन्नपाणी बंद झाल्यास मूत्रल, एंझाइमरोधक व ग्लिफ्लोझीन गटातील औषधे तात्पुरती थांबवावी की काय, याविषयी वैद्याचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा लागतो. बरे वाटू लागल्यावर ती पुन्हा सुरू करण्याचे विसरणेही तितकेच धोक्याचे असते.

ज्वारीची भाकरी स्वभावतः कमी लवणाची असते. तथापि तिच्यासोबतची शेंगदाण्याची चटणी, लोणचे, पापड व खारवलेल्या मिरच्या यांतून बरेच मीठ पोटात जाते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅ.च्या, म्हणजे साधारण एका सपाट चहाच्या चमच्याच्या आत ठेवावे. निर्जळी उपवास वृक्कविकार असलेल्या रुग्णाने टाळावा. एस्. टी.चा प्रवास किंवा पंढरपूरची वारी अशा वेळी वारंवार लघवीला जावे लागेल, या संकोचाने गोळी वगळण्याकडे कल असतो. औषधाचा परिणाम सु. सहा तासच टिकत असल्यामुळे गोळी वगळण्याऐवजी वैद्यास विचारून तिची वेळ मुक्कामी पोहोचल्यानंतरची ठेवता येते.

या जिल्ह्यात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू भाषा बोलल्या जातात. औषधांच्या सूचना रुग्णाला व घरातील काळजी घेणाऱ्या व्यक्तीला त्यांच्या भाषेत समजावून देणे हा उपचाराचाच भाग मानावा लागतो.

रुग्णालय सोडल्यानंतर : घरी जाताना रुग्णाचे ‘कोरडे’ (सूज नसतानाचे) वजन वहीत लिहून देतात. तीन दिवसांत वजन २ किग्रॅ.हून अधिक वाढल्यास सूज दिसण्याची वाट न पाहता वैद्याकडे जावे. त्याच प्रमाणात घटून चक्कर येऊ लागल्यासही तसेच करावे. क्रिॲटिनीन व पोटॅशियम यांची तपासणी नवे औषध सुरू केल्यानंतर किंवा मात्रा बदलल्यानंतर एक ते दोन आठवड्यांत करतात व पुढे ठराविक काळाने चालू ठेवतात. रुग्णालयातून थोडी सूज शिल्लक असताना घरी गेलेला रुग्ण पुन्हा दाखल होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून क्रिॲटिनिनाच्या किरकोळ वाढीने बिचकून उपचार अर्ध्यावर सोडणे इष्ट नव्हे. वजनकाटा, मोजपात्र, मिठावरील संयम व वेळेवर केलेली रक्ततपासणी ही साधने अल्प खर्चाची असली, तरी बहुसंख्य रुग्णांत हृदय व वृक्क या दोहोंचे रक्षण त्यांवरच अवलंबून असते.